योसेफ नावाचा माणूस दिसतो कसा?

नावाचा उच्चार होताच डोळ्यांसमोर काहीतरी उभे राहते. 'विठोबा' म्हटले की मराठी माणसाला काळा पाषाण दिसतो, कमरेवर ठेवलेले दोन हात दिसतात आणि त्या मूर्तीतील वाट पाहणारी स्तब्धता जाणवते. त्या नावाला स्वतःची एक शैली आहे आणि त्या शैलीला स्वतःचा भाव आहे. उद्या एखाद्या कुशल चित्रकाराने गोरापान, हात उंचावून धावणारा विठोबा रंगवला, तर चित्र कितीही सुबक असले तरी वारकरी त्याला विठोबा म्हणणार नाही. नाव, शैली आणि भाव ही तिन्ही अनेक शतके एकमेकांत मुरली आहेत.

आपण ख्रिस्ती आईबाप आपल्या मुलांना जी नावे देतो, त्यांच्या बाबतीत असे मुरणे झाले आहे काय? पेत्र, अंतोन, योसेफ ही नावे उच्चारताना आपल्याला काय दिसते, आणि जे दिसते ते त्या नावाच्या भावाशी जुळते काय? प्रस्तुत लेखात योसेफ या एकाच नावाच्या निमित्ताने हा प्रश्न तपासून पाहायचा आहे. हा विचार मला ग्रंथालयात सुचलेला नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या सीमेजवळील एका कातकरी वाडीवर माझी जी फजिती झाली, तिच्यातून तो सुचला.

त्या वाडीवरील एका कुटुंबात मुलाचा स्नानसंस्कार होता. बापाने योसेफ हे नाव निवडले होते. मुलाच्या आजीची इच्छा मात्र निराळी होती. तिचा नवरा नुकताच वारला होता आणि त्याचे नाव सोमा. सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारी मंगळ्या, बुधवारी बुध्या, अशी या भागातील जुनी रीत. नातवात आजोबाचे नाव राहावे, असे त्या माउलीला वाटत होते. मी नोंदवहीत 'योसेफ' एवढेच लिहिले आणि आजीची समजूत घालण्यासाठी संत योसेफचे काचेच्या चौकटीतील एक रंगीत चित्र तिच्या हाती दिले. तिने ते उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "फादर, ह्यो कंचा सायब?"

मी म्हणालो, "आजी, हा योसेफ. तुमच्या नातवाच्या नावाचा संत. सुतार होता."

"सुतार?" आजी म्हणाली. "ह्येचे हात तू बग की. ह्यानं कदी कोयती धरली नाय."

सेमिनरीत मी ख्रिस्ती कलेच्या इतिहासावरील व्याख्याने ऐकली होती. परंतु त्या चित्राचे इतके नेमके समीक्षण मला तोवर कोणी ऐकवले नव्हते. मी चित्राकडे नव्याने पाहिले. गुलाबी गाल, विंचरलेली तपकिरी दाढी, जांभळ्या झग्यावर पिवळा शेला, एका हातात लिलीचे फूल आणि बोटे अशी नाजूक की त्यांनी फुलाखेरीज काही उचलले असेल असे वाटेना. चित्र कुडाच्या भिंतीवर टांगले गेले. मुलाला मात्र घरीदारी सगळे सोमाच म्हणू लागले. योसेफ हे नाव माझ्या नोंदवहीत राहिले.

हे चित्र आले कोठून, याचा शोध घेतला की एक मनोरंजक गोष्ट ध्यानात येते. योसेफ या नावाला युरोपातही एकच ठरलेला चेहरा कधी नव्हता. दुसऱ्या शतकातील 'याकोबाचे आद्य शुभवर्तमान' या ग्रंथाने, जो पवित्र शास्त्रात समाविष्ट नाही, योसेफला वयस्कर विधुर ठरवले. मरियेचे कौमार्य वाचकाच्या मनात निःशंक राहावे, हा त्यामागील हेतू. मध्ययुगीन चित्रकारांनी हाच धागा उचलला. त्यांच्या जन्मसोहळ्याच्या चित्रांत योसेफ पुष्कळदा एका कोपऱ्यात गालावर हात ठेवून पेंगत बसलेला दिसतो. भाव कोणता? उपरेपणाचा, थोडासा केविलवाणा. त्याच्या हातातील फुलाचा उगमही अशाच आख्यायिकेत आहे: मरियेच्या वरांमध्ये त्याच्याच काठीला चमत्काराने फूल आले, असे ती सांगते.

पुढे आविलाच्या संत तेरेजाने 1562 साली आपला पहिला सुधारित मठ संत योसेफच्या नावे उभारला आणि या नावाचे भाग्य पालटले. तोलेदो येथील संत योसेफच्या चॅपेलसाठी एल ग्रेकोने 1597 ते 1599 या काळात काढलेले चित्र पाहावे. उंच, सडपातळ, तरुण योसेफ हाती काठी घेऊन चालला आहे आणि बाळ येशू त्याला बिलगला आहे. कोपऱ्यातला म्हातारा वाटेवरचा रक्षक झाला. त्यानंतर सुमारे 1642 मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज द ला तूरने सुताराच्या कामात गढलेला योसेफ रंगवला. हे चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. वाकलेला वृद्ध सुतार गिरमिटाने ओंडक्याला भोक पाडतो आहे, समोर मुलगा मेणबत्ती धरून उभा आहे, आणि ज्योतीचा उजेड मुलाच्या बोटांतून आरपार येतो आहे. ना लिली, ना प्रभावळ. कपाळावरच्या आठ्या आणि राबलेले हात. शहापूरची ती आजी या चित्रापुढे उभी राहिली असती तर तिने सुतार ओळखला असता, असे मला वाटते.

मग आपल्या भिंतीवर आला तो गुलाबी योसेफ कोण? तो एकोणिसाव्या शतकातील छापखान्याचा मुलगा. रंगीत छपाई स्वस्त झाली आणि युरोपातील मोठ्या कलावंतांची शैली पातळ होत होत घरोघरी पोहोचली. हे ख्रिस्ती चित्रांचेच झाले असे नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. त्याच्या चित्रांनी हिंदू देवदेवतांनाही असाच एकसारखा नाटकी देखणेपणा दिला. छापील चित्राने गरिबाच्या घरात देव आणला, हे त्याचे उपकार नाकारू नयेत. माझ्या आईने आयुष्यभर अशाच एका चित्रापुढे जपमाळ म्हटली आणि तिच्या प्रार्थनेत मला काही उणे दिसले नाही. परंतु समीक्षेचा प्रश्न निराळा आहे. हे चित्र त्या नावाचा भाव सांगते काय?

त्यासाठी नावाकडेच वळले पाहिजे. हिब्रू भाषेत योसेफ या नावात 'तो आणखी देवो' असा अर्थ आहे. राहेलने आपल्या पहिल्या मुलाचे नाव ठेवताना देवाने आणखी एक पुत्र द्यावा अशी इच्छा धरली, त्यातून हे नाव आले. म्हणजे नावातच अपुरेपणाची जाणीव आहे, आणि आशाही आहे. शुभवर्तमानातील योसेफकडे पाहिले तर चार गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली, तो बोलत नाही. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. दुसरी, त्याला झोपेत सांगितले जाते. मत्तयाने त्याची चार स्वप्ने दिली आहेत. तिसरी, जाग आल्यावर तो सांगितलेले करतो, आणि त्यातील एक काम म्हणजे बायको-मूल घेऊन रातोरात परदेशी निघून जाणे. चौथी, तो हातांनी राबतो. मत्तयाने त्याच्या व्यवसायासाठी वापरलेल्या ग्रीक शब्दात सुताराबरोबर घरबांधणी करणाऱ्या कारागिराचाही अर्थ सामावतो.

मौन, निद्रा, रात्रीचा प्रवास आणि हातांचे काम ही या नावाची भावमुद्रा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या जानेवारीत मनिला येथे कुटुंबांशी बोलताना सांगितले होते की त्यांच्या मेजावर निद्रिस्त योसेफची मूर्ती असते आणि एखादी अडचण आली की ते ती कागदावर लिहून त्या मूर्तीखाली ठेवतात. त्यांना या नावाचा भाव नेमका सापडला होता. आपल्या चौकटीतील चित्राचा भाव मात्र समारंभाचा आहे. छायाचित्रासाठी उभ्या राहिलेल्या माणसाचा जो असतो, तो. त्यात रात्र नाही, झोप नाही, घाम नाही.

येथे कोणी म्हणेल की मग आपण भारतीय शैली घ्यावी. चर्चची त्याला आडकाठी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे की चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. त्याच्याही कितीतरी आधी गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका (1902–1967) या चित्रकाराने ही वाट धरली होती. त्याने शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिक्षण घेतले आणि मरियेला साडी नेसवली. त्याच्या स्वकीयांना ते रुचले नाही. गोवा सोडून तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला आणि अखेरपर्यंत चित्रे काढत राहिला. फोन्सेकाची थोरवी साडीत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. साडी कोणीही नेसवील. त्याच्या चित्रांत रंगांचा आवाज खाली आला आहे आणि व्यक्ती ध्यानात उतरल्यासारख्या दिसतात. मरिया या नावाचा, सगळे मनात साठवून ठेवण्याचा भाव त्याने शैलीतच आणला.

हा निकष हाती ठेवून आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आदिवासी आणि चित्र म्हटले की आज सर्वांच्या तोंडी वारली चित्रकला असते. तिचे मूळ घर डहाणू, तलासरी, जव्हार हा पट्टा. 2014 मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून तो पालघर जिल्ह्यात आहे. लग्नप्रसंगी सवाशिणी गेरू लावलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढीत आणि त्यात पालघट देवीला बसवीत. 1970 च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी ही कला जगापुढे आणण्यासाठी धडपड केली आणि जिव्या सोमा मशे हे नाव सर्वांना ठाऊक झाले. त्यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि 2018 मध्ये ते निवर्तले.

जिव्या आणि सोमा. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही दोन नावे फार बोलकी आहेत. जिव्या या नावात जीव आहे आणि त्यांच्या चित्रांत प्रत्येक ठिपका जिवंत असल्यासारखा हलतो. बालपणी आई गेल्याच्या धक्क्याने त्यांची वाचा गेली होती आणि मातीत चित्रे काढून ते आपले म्हणणे सांगत, असे सांगितले जाते. ज्याला बोलता येत नव्हते त्याच्या बोटांना रेषा सापडली.

या शैलीचे व्याकरण अगदी थोडके आहे. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेघ. माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. चेहरा नाही. नाक, डोळे, दाढी काही नाही. मग माणूस ओळखायचा कसा? तो काय करतो आहे त्यावरून. वाकला आहे तो लावणी करतो, डोक्यावर ओझे आहे ती पाण्याला गेली आहे, हातात जाळे आहे तो मासे धरतो आहे. येथे व्यक्तीची ओळख तिच्या कामात असते. ज्याच्या तोंडी एकही शब्द नाही आणि जो केवळ कृतीने ओळखला जातो, त्या योसेफला याहून जवळची शैली मला तरी दिसत नाही. गालांच्या गुलाबी रंगाचा प्रश्नच येथे उद्भवत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. शहापूर–मुरबाड भागात वारलींबरोबर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी असे अनेक समाज राहतात. प्रत्येकाची रीत वेगळी, गाणी वेगळी. आज शाळेची भिंत असो वा नाताळाचे शुभेच्छापत्र, आदिवासी म्हणजे वारली चित्र असे समीकरण होऊन बसले आहे. जुन्या छापील चित्राने सगळ्यांना एक चेहरा दिला. आता सगळ्यांना एकच बिनचेहऱ्याची आकृती देण्याचा धोका आहे. गणवेश बदलला म्हणजे नावाचा भाव आपोआप येतो असे नाही. याचा प्रत्यय मला त्याच कातकरी वाडीवर आला.

मुलाची आत्या आश्रमशाळेत नववीत होती. वारली पद्धतीची चित्रे ती शाळेत शिकली होती. सुट्टीत घरी आली असता मी तिला म्हटले, "तुझ्या भाच्याच्या नावाचा संत तू काढून दाखव." योसेफची गोष्ट तिला सांगितली. तिने मिसरला पळून जाण्याचा प्रसंग निवडला. कुडाची भिंत शेणामातीने सारवून तिने शाळेच्या पांढऱ्या रंगाने चित्र काढले. पुढे डोक्यावर बोचके घेतलेला पुरुष, त्याच्या मागे पाठीशी मूल बांधलेली बाई, वर चंद्राची कोर, एका बाजूला डोंगर. तिने भोवती तारप्याच्या नाचाचा मोठा फेरा काढला. चित्रात तेवढाच भाग तिने फार मन लावून केला होता. मला चित्र फार आवडले आणि मी तसे बोलून दाखवले.

आजी जवळ आली. तिने बोटाने बोचके दाखवले आणि म्हणाली, "ह्यो तर भट्टीवर निंगालाय." मग तिचे बोट नाचाच्या फेऱ्याकडे गेले. "आन् ही मानसं कशाला नाचतात? राच्चं पळून जाताना कोन वाजप वाजवतं का?"

वाचकांना ठाऊक असेलच की या वाड्यांवरील कितीतरी कुटुंबे दिवाळी सरली की बिऱ्हाड उचलून वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. मुलांच्या शाळेत तेवढे महिने त्यांची जागा रिकामी राहते. आजीने स्वतःचे आयुष्य असे काढले होते, आणि त्या हंगामात तिचा मुलगा आणि सूनही जायचे होते. योसेफची गोष्ट तिला मी कधी नीट सांगितली नव्हती. चित्रातल्या बोचक्याने तिला ती सांगितली. त्याच नजरेने तिने चित्रातला दोषही पकडला. शैली जुळली होती, भाव जुळला नव्हता. तारप्याचा फेरा हा सुगीच्या आनंदाचा आकार. आत्याने तो काढला, कारण शाळेत शिकवलेल्या प्रत्येक वारली चित्रात तो असे. मी तो वाखाणला, कारण मलाही वारली चित्र म्हणजे तारपा एवढेच ठाऊक होते. सेमिनरीतल्या शिक्षणाचा उपयोग येथे झाला नाही. बिऱ्हाड घेऊन रात्री निघण्याचा अनुभव ज्या बाईला होता, तिला बरोबर दिसले.

मुलीने ओल्या शेणामातीने नाचाचा फेरा सारवून टाकला. मधे ती तिघे राहिली आणि चहूबाजूंना मोकळी, काळपट भिंत. ते रिकामेपण चित्रात आले आणि रात्र झाली. ज्या योसेफला शब्द नाही त्याच्याभोवती तशीच नि:शब्द जागा तयार झाली. चौकटीतील गुलाबी चित्र आजीने काढून टाकले नाही; तिने ते फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले. "फादरनं दिलंय," ती म्हणाली. त्या सौजन्याने मी अधिकच ओशाळलो.

आता त्या नोंदवहीविषयी. 1917 च्या धर्मविधानानुसार धर्मगुरूने मुलाला संताचे नाव मिळेल याची काळजी घ्यायची असे, आणि आईबापांनी दुसरे नाव धरले तर संताचे नाव जोडायचे असे. 1983 च्या नव्या विधानात कलम 855 एवढेच म्हणते की ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये. सोमवारी जन्मलेल्या, कष्टाने जगलेल्या, नातवंडांवर माया केलेल्या आजोबाचे नाव ख्रिस्ती भावनेला परके कसे? 'योसेफ सोमा' असे लिहायला मला कोणाची हरकत नव्हती. आजीने मागितले होते आणि मी सवयीने एकच नाव लिहिले. योसेफ या नावाचा अर्थच 'आणखी देवो' असा असताना मी मात्र एक नाव वजा केले.

आपल्या धर्मग्रामांतील आईबापांना यातून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मुलाचे नाव ठरवताना त्या संताची कथा आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगा आणि त्यांना काय दिसते ते विचारा. वसईच्या बागायतदाराला योसेफ वेगळा दिसेल, गोव्याच्या खलाशाला वेगळा आणि मुरबाडच्या भट्टी कामगाराला आणखी वेगळा. दुसरे, चित्र निवडताना ते देशी आहे की विदेशी, एवढ्यावर थांबू नका. ला तूरचा फ्रेंच सुतार आपल्या कातकऱ्याच्या जवळचा आहे आणि तारप्याच्या फेऱ्यातला देशी योसेफ त्याला परका ठरू शकतो. नावात जो भाव आहे तो चित्रात उतरला आहे काय, हे पाहा. योसेफच्या चित्रासमोर मुलाला गप्प बसावेसे वाटले, बापाच्या हातांकडे पाहावेसे वाटले, तर ते चित्र खरे.

दिवाळीनंतर ते कुटुंब भट्टीवर गेले. मूल आईच्या पाठीशी बांधलेले होते, बापाच्या डोक्यावर बोचके होते. आजी यंदा वाडीवरच राहिली. मी निरोप घेताना तिने मुलाच्या कपाळावर बोटाने क्रूस काढला आणि "सोमा, जपून रं," म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, जणू माझ्या समाधानासाठी, तिने पुढे जोडले, "योसेफ."